तुरीचा धीर धरा



या पानावर आपण नेहमी बियाणे, खत, कीड आणि पाणी यांविषयी बोलतो. आज थोडा वेगळा विषय घेतो आहे. वेगळा असला तरी तो तुमच्या घरातलाच आहे.

गेल्या काही वर्षांत माझा एक अनुभव आहे. शिवारफेरी आटोपली, ओट्यावर चहा आला, की घरधनी आवाज खाली आणून म्हणतो, "साहेब, कपाशीचं झालं. पण एक घरचं विचारायचं होतं. थोरल्याचं कामात चित्त नाही. दिवसभर चित्रं काढत बसतो." कुठे चित्रे, कुठे गाणी, कुठे पखवाज, तर कुठे मुलगी वहीत गोष्टी लिहिते. शेवटी प्रश्न एकच असतो, "ह्याच्यावर पोट भरतं का?"

असे विचारणारा बाप काही कलेचा वैरी नसतो. भजनात टाळ धरून रात्र जागवणारा आणि भारूड लागले की सगळ्यात पुढे बसणारा तोच असतो. त्याची भीती पोटाची आहे आणि ती खोटी नाही. कविता लिहून, चित्र काढून, गाणे म्हणून सुरुवातीची कितीतरी वर्षे घर चालत नाही, हे आधीच स्पष्ट सांगितलेले बरे. पण एवढ्यावरून ते खूळ समजून मुळासकट उपटून टाकावे काय? मला तसे वाटत नाही. का वाटत नाही, ते सांगतो.

अजिंठ्याच्या परिसरात, सोयगाव तालुक्यात पळसखेडे नावाचे गाव आहे. तेथे १९४२ साली एका शेतकरी घरात ना. धों. महानोर जन्मले. शिकायला जळगावच्या कॉलेजात गेले, पण पहिल्या वर्षानंतर शिक्षण सोडून शेतीवर परतावे लागले. आपल्याकडे असा मुलगा परत आला की लोक म्हणतात, "झालं, शिक्षणही गेलं." महानोरांनी शेती केली आणि कविताही केली. १९६७ साली 'रानातल्या कविता' हा त्यांचा पहिला संग्रह निघाला, तेव्हा त्यांचे वय पंचविशीच्या आसपास होते. दहा वर्षांनी, १९७७ साली 'जैत रे जैत' चित्रपट आला आणि त्यांची गाणी खेडोपाडी पोहोचली. १९७८ साली ते विधान परिषदेवर गेले. १९९१ साली पद्मश्री मिळाली आणि २००० साली 'पानझड' या संग्रहाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. २०२३ च्या ऑगस्टमध्ये ते गेले. एवढ्या वर्षांत पळसखेडे आणि शेती यांच्याशी त्यांचे नाते तुटले नाही. फळबागा आणि पाणी अडवणे हे विषय त्यांना कवितेइतकेच जवळचे होते. आता पहा, पहिले पुस्तक १९६७ चे आणि अकादमीचा पुरस्कार २००० चा. मध्ये तेहतीस वर्षे गेली!

ही तेहतीस वर्षे लक्षात ठेवा, कारण माझे सगळे सांगणे त्यातच आहे.

आपण सोयाबीनच्या चार ओळी आणि तुरीच्या दोन ओळी असे आंतरपीक घेतो. दोन्हींची पेरणी एकाच दिवशी होते. पहिले दोन महिने सोयाबीन जोमाने वाढते आणि तूर बिचारी त्यात दबल्यासारखी दिसते. नव्या माणसाला वाटते, हिचे काही खरे नाही. शंभर-सव्वाशे दिवसांत सोयाबीन निघते, घरात पैसा येतो, दिवाळी होते. त्यानंतर मोकळे झालेले रान तूर व्यापते, फांद्या पसरते, फुलावर येते. पावसाने दगा दिला तरी तिचे सोटमूळ खोल गेलेले असते, म्हणून ती तग धरते. सोयाबीनच्या मापाने तुरीकडे पाहणारा माणूस दोन महिन्यांतच तिच्यावर कोळपे फिरवील.

मंडळी, कला ही तूर आहे. तिला सोयाबीनचा हिशेब लावू नका. आणि तरुण मित्रांनो, तुम्हीही हे लक्षात घ्या की तूर उभी असताना घराला सोयाबीन लागतेच. सलग तूर लावून बसाल आणि पहिल्या चार महिन्यांत घरात दाणा नसेल, तर त्या शेताचे हाल होतील. शेती, नोकरी, दुकान, शिलाईयंत्र, काही तरी चार ओळींत हवे. त्याच रानात कलेच्या दोन ओळी राखायच्या. महानोरांनी नेमके हेच केले.

धाडस या शब्दाचा हल्ली फार घोटाळा झाला आहे. घर सोडून, जमीन विकून, सगळे डावावर लावले म्हणजे धाडस, असे मुलांना वाटते. मृगाचा एक शिडकावा झाला की तिफण घेऊन धावणाऱ्याला आपण धाडसी म्हणत नाही, उतावळा म्हणतो. पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस पडून ओल खोल जाऊ द्या, मग पेरा, असे मी दरवर्षी कानीकपाळी ओरडतो. तेवढी ओल झाल्यावर मात्र पुढच्या पावसाची हमी कोणी दिलेली नसतानाही शेतकरी घरातले बी मातीत टाकतो. धाडस म्हणायचे ते याला, आणि ते तुमच्या घरात पिढ्यान् पिढ्या आहे.

आनंद यादव यांचे उदाहरण घ्या. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कागलचे, दुसऱ्याची जमीन कसणाऱ्या घरातले. मुलाने शाळेत जावे हेच वडिलांना मान्य नव्हते, कारण शाळेत गेला की रानातला एक हात कमी होतो. त्या मुलाने शिक्षणासाठी घरातच जी झुंज दिली, ती त्यांनी 'झोंबी' या पुस्तकात लिहिली. पुढे ते पुणे विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक झाले. 'झोंबी' १९८७ साली आली, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. १९९० साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्या वर्षांत हा मुलगा काट्याकुट्यांत राबत होता, ती वर्षे फुकट गेली असेच कोणालाही वाटले असते. तीच वर्षे पुढे पुस्तकाचे बियाणे झाली.

याच यादवांच्या 'नटरंग' कादंबरीवरचा चित्रपट २०१० साली आला. तो तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. तमाशाच्या वेडाने घराबाहेर पडलेल्या शेतमजुराची ती गोष्ट. त्याची कला खरी आहे, पण तिची किंमत घरातल्या माणसांनाही मोजावी लागते. म्हणून पाऊल टाकण्याआधी घरात बोलणी व्हावीत, चोरून काही होऊ नये, असे माझे मत आहे.

आता शिस्त. डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा म्हसे हे नाव ऐकले असेल. १९३४ साली वारली आदिवासी घरात जन्म. लहानपणी आई गेली आणि त्या धक्क्याने पोराची वाचाच बसली. मनातले सांगायचे तर तो धुळीत चित्र काढून दाखवी. वारल्यांमध्ये लग्नाचा चौक भिंतीवर लिहिण्याचे काम बायकांचे. गेरू-शेणाने सारवलेली भिंत आणि तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग. लग्नप्रसंगी जे लिहिले जायचे, ते हा पुरुष रोज काढू लागला. शेते, जाळे टाकणारे कोळी, मुंग्यांची वारुळे, तारप्याभोवती फेर धरणारी माणसे. भास्कर कुलकर्णी १९७० च्या दशकात त्या भागात गेले आणि ही कला बाहेरच्या जगापुढे आली. १९७६ साली म्हसे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री. २०१८ साली ते गेले. लग्न असेल तेव्हाच काढायचे चित्र त्यांनी रोजचे काम केले, हा मला त्यांच्या आयुष्याचा मोठा धडा वाटतो. गुरांना वैरण घालायला मन लागते की नाही, हे आपण पाहत नाही. वेळ झाली की घालतो. कलेलाही तशीच वेळ हवी.

आणि जे सुचेल ते टिपून ठेवायला हवे. जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरी जात्यावर, शेतात, चुलीपुढे ओव्या रचीत गेल्या. त्यांना लिहिता येत नव्हते. मुलगा सोपानदेव आणि एक नातेवाईक यांनी त्यांतल्या काही उतरून घेतल्या, म्हणून १९५१ साली बहिणाबाई गेल्यानंतर १९५२ साली, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी पुस्तकरूपाने निघाली. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. जी गाणी कोणी उतरून घेतली नाहीत, ती वाऱ्यावर गेली. आज प्रत्येक घरात लिहिता येणारे माणूस आहे. मग वही का नसावी?

मोबाइल आहे की, असे कोणी म्हणेल. मोबाइलला माझा विरोध नाही. गाणे ध्वनिमुद्रित करायला, जुन्या गायकांना ऐकायला ते चांगले साधन आहे. पण सकाळी गाणे टाकायचे, दुपारी किती जणांनी पाहिले ते मोजायचे आणि संध्याकाळी तोंड पाडून बसायचे, हा प्रकार म्हणजे पेरलेले बी रोज उकरून कोंब आला का ते पाहण्यासारखे आहे. उकरलेले बी रुजत नाही.

हे सगळे मोठ्या माणसांचे झाले. आता माझ्या तालुक्यातल्या एका साध्या घराची हकीकत सांगतो. नाव-गाव सांगत नाही, कारण ती माणसे आपल्यातच आहेत. चार एकर कोरडवाहू, एक विहीर तीही उन्हाळ्यात तळ दाखवणारी, दोन मुली आणि एक मुलगा. थोरली बारावी झालेली. ती गोष्टी लिहायची. वडिलांनी स्थळे पाहायला सुरुवात केली आणि मुलीने हट्ट धरला की मी पुण्याला जाणार, लेखिका होणार. घरात अबोला पडला. आईने तिच्या वह्या कणगीत लपवून ठेवल्या, रागाच्या भरात कोणी चुलीत घालू नये म्हणून.

ठिबकच्या कागदपत्रांसाठी गेलो होतो, तेव्हा वडील म्हणाले, "साहेब, तुमचं ऐकंल ती. समजावून सांगा."

मी म्हटले, "अण्णा, समजावतो. पण दोघांनाही समजावीन, चालेल का?"

ओट्यावर बसून ठरले ते असे. तीन वर्षे लग्नाची बोलणी बंद. मुलीने पुण्याचे नाव काढायचे नाही. एस. टी. ने तालुक्याच्या कॉलेजात जाऊन पदवी घ्यायची. पहाटे पाच ते सहा हा तास तिचा, त्या वेळी तिला कोणी हाक मारायची नाही. सहानंतर धार, झाडलोट, सगळे तिने करायचे. महिन्याला एक गोष्ट पुरी करायची, मासिकाला पाठवायची आणि कधी पाठवली, काय उत्तर आले, ते वहीत लिहायचे. आपण फवारणीची नोंद ठेवतो तशी.

दोन वर्षांत अकरा गोष्टी गेल्या. काही साभार परत आल्या, बाकीच्यांचे उत्तरच आले नाही. मुलगी रडली. म्हणाली, "काका, मला येतच नाही."

पेरलेले उगवले नाही, तर आपण काय करतो? दुबार पेरणी. पण शहाणा शेतकरी लगेच दुसरी पिशवी आणून ओतत नाही. तो माती उकरून पाहतो. बी खोल पडले का, ओल कमी होती का, की बियाण्यातच खोट होती? कारण सापडले तरच दुसऱ्या पेरणीला अर्थ आहे. म्हणून पेरणीआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून किती कोंबारतात ते मोजा, असे आम्ही सांगतो. सोयाबीनचे निदान सत्तर तरी उगवायला हवेत. कलेचीही अशी उगवण चाचणी घेता येते. आपले काम घरच्या, प्रेमाच्या माणसांना न दाखवता दोन-तीन जाणकारांना दाखवायचे आणि ते काय म्हणतात ते मध्ये न बोलता ऐकायचे.

तिने कॉलेजातल्या मराठीच्या बाईंना वह्या दाखवल्या. बाईंनी सगळ्या वाचल्या आणि म्हणाल्या, "तुझी माणसं पुस्तकातल्यासारखी बोलतात गं. तुझी आई कशी बोलते, तसं लिहून बघ." मुलीने जुन्यातल्या चार गोष्टी पुन्हा लिहायला घेतल्या.

तिसऱ्या वर्षी पावसाने ताण दिला. सोयाबीन शेंगा भरायच्या वेळीच करपले. घरात पैशाची ओढ. मुलगी सकाळी लिहायची, कॉलेजला जायची, संध्याकाळी गावातल्या पोरांच्या शिकवण्या घ्यायची आणि सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याच्या रानात रोजाने जायची. त्यातच एक चांगले स्थळ आले, हुंडा न मागणारे. वडिलांचे मन डळमळले, आणि मी त्यांना दोष देत नाही. त्या वेळी जी बाई कधी ओट्यावर येऊन बोलली नव्हती, ती चौकटीत उभी राहून म्हणाली, "तीन वर्षं म्हणाला होतात ना? अजून एक दिवाळी राहिलीय. बोलल्यापरमाणं वागा."

त्या दिवाळीला एका अंकात तिची गोष्ट आली. मानधन इतके किरकोळ की एस. टी. च्या पासाचा खर्चही निघाला नसता. पण गोष्ट छापून आली. आईच्या बोलीतली होती.

आज ती मुलगी फार मोठी लेखिका झाली आहे, असे सांगून मी तुमची फसवणूक करणार नाही. ती तालुक्याच्या गावी शाळेत शिकवते. लग्न झाले आहे. पहाटेचा तास तिने सासरीही राखला आहे. एक छोटे पुस्तक निघाले, फार खपले नाही. दुसरे लिहून होत आले आहे. वडिलांकडे परवा गेलो, तेव्हा सातबारा आणि पासबुक ज्या पिशवीत ठेवतात तिच्यातून त्यांनी ते पुस्तक काढून मला दाखवले. "हे बी कागदपत्रातच ठेवतो," म्हणाले. यश म्हणतात ते याहून फार निराळे असेल, असे मला वाटत नाही.

आई-वडिलांनो, तुमच्याकडे मागणे थोडे आहे. मुलाला किंवा मुलीला दिवसातला एक तास आणि तीन वर्षांची मुदत द्या. मुलीला मुलापेक्षा कमी देऊ नका. सासरी गेलेल्या लेकीकडे तो तास मागायला कोणी उभे राहत नाही, म्हणून तिची सवय माहेरीच पक्की व्हायला हवी. चारचौघांत तिच्या कलेची थट्टा करू नका. कोवळ्या रोपावर पाय पडला तर ते उठत नाही.

तरुणांनो, तुमच्याकडे मागणे जास्त आहे. घरच्या कामातून अंग काढू नका. कामात कुचराई करणाऱ्याच्या कलेवर घरचा विश्वास बसत नाही. ज्या कलेत पडायचे तिच्यातल्या जुन्या जाणत्यांकडे जा, त्यांचे पाय धरा, त्यांनी सांगितलेले शंभर वेळा करा. मिळालेल्या पैशाची नोंद ठेवा, पाच रुपयेही लिहा. नकार आला तर एक दिवस वाईट वाटू द्या, दुसऱ्या दिवशी माती उकरून कारण पहा. आणि तीन वर्षांनी नोंदवही प्रामाणिकपणे वाचा. काम पहिल्यापेक्षा सुधारले असेल तर पुढे चला, पैसा आला नसला तरी. काम तिथेच असेल, तर हौस म्हणून जपा आणि दुसऱ्या पिकाकडे वळा. पीक बदलणाऱ्या शेतकऱ्याला कोणी हरलेला म्हणत नाही.

येत्या हंगामात बियाणे आणायला तालुक्याला जाल, तेव्हा बियाण्याच्या पिशव्यांबरोबर दोनशे पानांची एक वही आणा. घरात कोणाला लागणार आहे, ते तुम्हाला ठाऊकच आहे. काही न बोलता त्याच्या किंवा तिच्या हातात द्या. पहिल्या पानावर तारीख घालायला तेवढे सांगा.